जाहिरातीत न मावलेली आमची आजी

संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमची आजी वारली. वय ९८. घरात ठरलं की पेपरात द्यायचं आणि मराठी पेपरातच द्यायचं, कारण ती जन्मभर मराठी पेपरच वाचत आली, म्हणून मी स्टेशनजवळच्या एका जाहिरात घेणाऱ्याकडे गेले. त्याने आजीचं नाव बघितलं, आडनाव बघितलं आणि म्हणाला, मॅडम तुमच्यातले लोक इंग्रजी पेपरला देतात, तिकडेच द्या ना, इकडे तुमचं कोण वाचणार. वाईट बोलला नाही हां, उलट माझे पैसे वाचवायला बघत होता. मग त्याने फॉर्म काढला, त्यात दशक्रिया कुठे, तेरावं कधी असे रकाने, महिन्याच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेला, रकानाच नाही. शेवटी चार ओळी झाल्या, नाव, वय, गाव, आणि पश्चात मुलं, सुना, जावई, नातवंडं, पणतवंडं असा परिवार. ओळीमागे पैसे म्हणून बाकी सगळं कापलं. ते कापलेलं तुम्हाला पाठवतेय, पत्राला पैसे पडत नाहीत ना. लांबलंय, तुम्ही कात्री लावालच, पण आधी पूर्ण वाचा एवढीच विनंती.

आम्ही सहार गावठाणातले, अंधेरी पूर्व. ईस्ट इंडियन कॅथलिक. आता इथे दर वेळी थांबून सांगावं लागतं की आम्ही बंगालचे नाही आणि गोव्याचेही नाही. साष्टी बेटातले, वसईतले, मुंबईतले कुणबी, कोळी, भंडारी, आगरी यांच्यातलेच लोक, पोर्तुगीजांनी १५३४ ला वसई घेतली त्यानंतर आमच्या पूर्वजांनी धर्म बदलला, पण शेत तेच राहिलं, मासळी तीच, बोली तीच, बायकांचं लुगडंही तेच. हे ईस्ट इंडियन नाव तर १८८७ चं, राणी व्हिक्टोरियाच्या राज्याला ५० वर्षं झाली तेव्हा घेतलेलं. आजीला यातलं काही पाठ नव्हतं. कोणी विचारलं तुम्ही मूळचे कुठले, तर ती ओट्यावरून बोट करून दाखवायची, ते बघ, तिथे विमान उभं आहे ना, तिथले.

आणि ते खरंच होतं, शेत तिथेच होतं.

माहेर तिचं मरोळ. १९२७ चा जन्म, आणि हे वय कोणी अंदाजाने सांगितलेलं नाही. त्या काळात महापालिकेचा जन्मदाखला आमच्यात कोणाकडे नसायचा पण देवळात बाप्तिस्म्याची नोंद असायची, तारीख, आईबापाचं नाव, साक्षीला उभे राहिलेल्यांची नावं. आधार कार्डाच्या वेळी तीच नोंद शोधून काढली. (चर्चला आजी देऊळच म्हणायची, आमच्यात जुनी माणसं सगळी तसंच म्हणतात, तेव्हा पुढे मी देऊळ लिहिलं तर गोंधळू नका.) चौथीपर्यंत मराठी शाळा, मग भाताची लावणी, भाजी, म्हशी. मिठी नदीत कपडे धुवायला जायच्या या बायका, आणि नदीचं पाणी डोळ्यांनी तळ दिसेल असं होतं म्हणायची, आम्हाला आता ते ऐकूनच हसू यायचं. तिच्या लहानपणी अंधेरीवरून कुर्ल्याकडे आणि पुढे ट्रॉम्बेला जाणारी एक आगगाडी होती, १९२८ ला सुरू झाली आणि १९३४ ला बंदच झाली, आता कोणाला सांगून पटत नाही. आजीला ती गाडी आठवायची, बाप तिला शेताच्या बांधावर उभं करून गाडी दाखवायचा. नंतर मेट्रो आली, मरोळ नाक्याला स्टेशन झालं, तेव्हा म्हणाली, आली बाय परत एकदाची.

एप्रिल १९४४ चा गोदीतला स्फोट तिने शेतात असताना ऐकला होता. तेव्हा १७ वर्षांची. दोन वर्षांनी लग्न होऊन सहारला आली, म्हणजे माहेर आणि सासर यात चालत जायचं अंतर, रुसून माहेरी जायचं म्हटलं तरी तासाभरात सासू बोलवायला हजर.

आजोबांचं शेत होतं, दोन पिढ्यांचं. ते थोडं थोडं करत विमानतळाकडे गेलं, आणि गंमत म्हणजे शेत गेल्यावर आजोबा त्याच विमानतळावर लोडर म्हणून लागले. १९८१ ला सहारचं नवीन टर्मिनल सुरू झालं तेव्हा सगळं गाव दिवे बघायला गेलं, आजी नाही गेली. त्यावर ती कधी भाषण करायची नाही, रडायचीही नाही. फक्त घरात कुणी म्हणालं की आपलं एअरपोर्ट, तर आपलं म्हटल्याबद्दल एक कटाक्ष टाकायची.

आता तिच्या देवळाबद्दल, कारण ते सोडून तिच्याबद्दल काही सांगताच येत नाही. रोज सकाळची मिस्सा. रोज म्हणजे पाऊस असो, मुंबई बंद असो, घरी पाहुणे असोत. पहाटे उठून लुगडं नेसायची, डोक्यावर पदर, हातात जपमाळ, आणि मिस्सेच्या आधी अर्धा तास जाऊन आपल्या बाकावर बसायची. बाक ठरलेला. त्यावर चुकून कोणी बसलं तर काही बोलायची नाही, शेजारी उभी राहायची, मग तो माणूस आपोआप सरकायचा. फादरचं प्रवचन लांबलं की मनगटावरचं घड्याळ काढून बाकावर ठेवायची, समोर दिसेल असं. नवे फादर आले की पहिल्या आठवड्यात त्यांना ते कळायचं. आम्ही मुलं उशिरा पोचलो तर घरी आल्यावर, काय गो, देवाला टायम हाय आन तुलाच नाय? एवढंच, पण दिवसभर पुरायचं.

तिची पहिली चाळीसेक वर्षं लॅटिन मिस्सेत गेली. फादर पाठ करून उभे, भाषा लॅटिन, आणि चौथी शिकलेल्या या बायका उत्तरं खडाखड लॅटिनमध्ये द्यायच्या, अर्थ एकीलाही माहीत नाही. १९६२ ते ६५ व्हॅटिकनची परिषद झाली, त्यानंतर हळूहळू लोकांच्या भाषेत मिस्सा आली, आमच्याकडे मराठी. आम्हाला वाटायचं आजीला आनंद झाला असेल, पण पहिल्यांदा ती चक्क घाबरली होती. म्हणाली, इतकी वर्षं मला वाटायचं फादर देवाशी काहीतरी मोठं बोलतायत, आता कळतंय ते आपल्यालाच बोलतायत. नंतर मात्र मराठी मिस्सा म्हणजे तिचा जीव की प्राण झाली. आता इंग्रजी मिस्सा जास्त झाल्यात, मराठी कमी, तरुण पोरं मराठी मिस्सेला येत नाहीत हेही खरंच आहे, माझीच मुलं येत नाहीत, कोणाला बोलू. ती मात्र इंग्रजीलाही जायची आणि उत्तरं मराठीत द्यायची, मोठ्याने. पुढच्या बाकावरचे लोक वळून बघायचे.

२ डिसेंबर १९६४ ला पोप सहावे पॉल सांताक्रूझ विमानतळावर उतरले, मुंबईत जागतिक युखरिस्तिक परिषद, म्हणजे जगभरच्या कॅथलिकांचा मोठा मेळावा होता, ओव्हल मैदानावर. आख्ख्या मुंबईत गर्दी आणि आमचं गाव तर विमानतळाला लागून. आजी पाच मुलांना घेऊन, धाकटा काखेत, रस्त्याच्या कडेला तासन् तास उभी. पोप गेले ते काही सेकंद दिसले म्हणे. त्यांचा हात वर होता आणि त्याच वेळी धाकट्याने तिचा पदर ओढला, तर तिने त्याला एक चापट मारली. पोपचा आशीर्वाद आणि चापट एकाच वेळी मिळालेला तो आमचा धाकटा काका, आता कॅनडात असतो, अजून ही गोष्ट सांगतो. १९८६ ला पोप दुसरे जॉन पॉल आले तेव्हा शिवाजी पार्कला गेली होती, पण गोष्ट तिला ६४ चीच सांगायला आवडायची.

बुधवार माहीमचा. सेंट मायकल चर्चचा नोव्हेना, म्हणजे नऊ बुधवारांची प्रार्थना, तुमच्या वाचकांपैकी पुष्कळ जणी करतात, मला माहीत आहे, मी लहानपणापासून आजीबरोबर जात आले आणि त्या गर्दीत हिंदू किती ख्रिस्ती किती हे सांगणं मुश्किल. १९४८ पासून चालू आहे तो. माझ्या वडिलांना लहानपणी टायफॉइड झाला होता तेव्हा आजीने नऊ बुधवार बोलले, वडील बरे झाले, नऊ बुधवार पण झाले, आणि ही थांबलीच नाही. अंधेरीवरून लेडीज डबा, माहीम, चालत देऊळ, मेणबत्ती, परत. तिथे लोकांनी लिहिलेली आभाराची पत्रं वाचून दाखवतात, कोणाला नोकरी लागली, कोणाला मूल झालं. ती पत्रं आजी अगदी कान देऊन ऐकायची आणि परतीच्या गाडीत त्यावर चर्चा, की त्या बाईला नोकरी लागली ते बरं झालं पण तिच्या नवऱ्याचं काय झालं ते तिने लिहिलंच नाही बघ. गुडघे गेल्यावर टॅक्सीने जायची, टॅक्सीवाल्याला पण आत नेऊन मेणबत्ती लावायला लावायची.

सप्टेंबरात मोत मावली, म्हणजे बांद्र्याची माउंट मेरी. ८ सप्टेंबरला मारियेचा जन्मदिवस, त्यानंतरच्या रविवारपासून आठवडाभर बांद्र्याची जत्रा. तिथे मेणाचे हात, पाय, घर, बाळ असं सगळं मिळतं, ज्याचं दुखणं त्याने ते वाहायचं. परदेशाच्या व्हिसासाठी हल्ली लोक मेणाचं विमान पण घेतात. माझ्या भावाचा व्हिसा अडकला होता तेव्हा तो म्हणाला आजी विमान वाहू या का, तर म्हणाली, मावलीला विमानं काय कमी दाखवलीत का आपण, रोज डोक्यावरून जातात. नाहीच घेऊ दिलं. साधी मेणबत्ती लावली. व्हिसा आला, उशिरा आला, पण आला.

आणि तिला सगळ्यात प्रिय दिवस कुठला तर मे महिन्यातला एक रविवार, जो मुंबईत फार थोड्यांना माहीत आहे. सीप्झच्या, म्हणजे अंधेरीतल्या निर्यात कारखान्यांच्या वसाहतीच्या आत, कंपन्यांच्या मधे, एक पडकं देऊळ उभं आहे, छप्पर नाही, भिंती आहेत, १५७९ साली बांधलेलं. तेच कोंडिवट्याचं जुनं देऊळ. १८४० ला साथ आली, माणसं मेली, गाव तिथून उठलं आणि मरोळला नवीन देऊळ झालं. नंतर १९७३ च्या सुमाराला सीप्झ आलं आणि पडकं देऊळ कुंपणाच्या आत गेलं. वर्षातून एकदा गेट उघडतात, मिस्सा होते, आजूबाजूच्या गावठाणांतून माणसं येतात. आजीचे पूर्वज त्या देवळातले. ती दरवर्षी जायची, उन्हात, खुर्ची नको म्हणायची, दगडावर बसायची. तिथे मी तिला एकदा विचारलं की कोण कोण होते गं आपले इथे, तर म्हणाली, नावं नाय ठाव, पण होते. बस.

तिला देवी करायची नाही मला. भांडकुदळ होती. शेजारच्या तिच्या सख्ख्या जावेशी एका फणसाच्या झाडावरून अबोला होता, झाड कोणाच्या हद्दीत यावरून, आणि तो किती वर्षं चालला हे दोघींनाही आठवत नसेल, पण दोघी रोज मिस्सेला एकाच बाकावर. शांतीचा नमस्कार करायची वेळ येते ना मिस्सेत, शेजाऱ्याकडे वळून करतात, तेव्हा दोघी एकमेकींना वाकून नमस्कार करायच्या आणि बाहेर पायरीवर आलं की अबोला परत चालू. फादरनी पण नाद सोडला होता. मग ती जाऊ आजारी पडली तर महिनाभर पेज कोणी नेली, आजीनेच. बोलली नाही तरी. वाटी ठेवायची, यायची. फणस शेवटी रस्ता रुंदीकरणात गेला.

सुनांना त्रास दिला तिने, माझ्या आईलाही, आणि आई हे वाचणार आहे म्हणून लिहितेय. मसाल्यावरून तर विशेष. आमच्यात बाटली मसाला करतात, वर्षाचा, एप्रिल-मे मध्ये. मिरच्या दोन-तीन जातीच्या, धणे, तीळ, खसखस, हळकुंड, दगडफूल, नागकेशर असं करत वीस-पंचवीस जिन्नस होतात, सगळं उन्हात वाळवायचं, वेगवेगळं भाजायचं, कांडायचं आणि काळपट बिअरच्या बाटल्यांत दांडक्याने ठोकून ठोकून भरायचं, हवा राहता कामा नये. पूर्वी कांडणाऱ्या बाया घरी यायच्या, उखळ-मुसळ घेऊन, अंगणात सगळ्या गोल उभ्या राहून कांडायच्या, आख्खं गाव शिंकायचं. आता डंकावर नेतो. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं आणि ते प्रमाण आजी कोणाला सांगायची नाही, मूठमूठ टाकायची, आणि कोणी बघतंय असं वाटलं की गप्पा सुरू करायची. आईला लग्नानंतर कित्येक वर्षं नुसतं देठ काढायचं काम. माझ्या बहिणीने शेवटी मोबाईलवर चोरून व्हिडिओ काढला आणि आजीची प्रत्येक मूठ नंतर वजन करून लिहून काढली. आजीला ते कळलं होतं, मला खात्री आहे, कारण पुढच्या वर्षी ती मूठ जरा सावकाश टाकत होती.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, मिठी कुठल्या कुठे आली, आमच्या घरात कमरेएवढं पाणी. ७८ वर्षांची बाई आधी आल्तारावरची (घरातल्या देव्हाऱ्यावरची) मारियेची मूर्ती माळ्यावर ठेवते, मग मसाल्याच्या बाटल्या एकेक करून वर देते, आणि मग विचारते की पोरं सगळी आली का घरी. आम्ही तिला यावरून नंतर खूप चिडवलं. ती म्हणायची पोरांना पाय हायेत.

कोविडमध्ये देवळं बंद झाली तेव्हा आम्हाला वाटलं आता ही टिकत नाही. ९३ वर्षांची, आणि आयुष्यात पहिल्यांदा सकाळी जायला जागा नाही. मग भाच्याने मोबाईलवर मिस्सा लावून दिली. आजी अंघोळ करून, लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन मोबाईलपुढे. उभं राहायचं तेव्हा उभी, गुडघे टेकायचे तेव्हा खाटेचा आधार घेऊन टेकायची. मधेच कोणाचा फोन आला की मिस्सा थांबायची, तेव्हा फोन करणाऱ्याला जे ऐकावं लागायचं ते इथे लिहीत नाही. मोबाईल भिंतीला टेकवून ठेवायचा तर त्याच्या मागे आधाराला मसाल्याची बाटली.

आता पेपराचं सांगते, कारण तुमचा त्याच्याशी संबंध. आजी रोज दुपारी भिंग घेऊन तुमचा पेपर वाचायची. आधी निधनवार्ता, मग भाव, मग अग्रलेख सोडून बाकी सगळं (अग्रलेख तिला जड जायचा, माफ करा). २०१९ मध्ये वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून निवडले गेले तेव्हा तिने त्यांचा फोटो कापून आल्ताराच्या बाजूला लावला. त्यावर तेव्हा वादही झाला, एका फादरला कसं काय निवडलं वगैरे, तेही तिने भिंग लावून वाचलं. म्हणाली, ह्यांना काय वाटतं, आपण घरात कोणत्या भाषेत भांडतो? पुढे जानेवारी २०२० ला उस्मानाबादच्या संमेलनात फादर आजारी असूनही आले, भाषण केलं, ते टीव्हीवर दिसलं तेव्हा ती हात जोडून बसली होती. जुलै २०२४ मध्ये ते गेले, तोही तुमच्या पेपरातला फोटो ठेवलाय.

तर साहेब, तो जाहिरातवाला विचारतो की इकडे तुमचं कोण वाचणार, त्याला उत्तर हे. वाचणारी होती, घरात रोज होती, दुसऱ्यांच्या तेराव्याच्या तारखा वाचून ओळखीचं कोणी निघालं तर भेटायला जाणारी. माझी तक्रार त्याच्यावर नाहीच. तक्रार थोडीशी तुमच्यावर आहे. दर डिसेंबरला तुमच्याकडून आणि बाकी पेपरांतून कोणी ना कोणी गावठाणात येतं, केक, कलकल, नेवऱ्या, चांदण्यांचा फोटो काढतं, आणि मग पुढचे ११ महिने आम्ही मुंबईत नसतोच. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा असतो, नव्या भाताची कणसं देवळात आशीर्वादाला नेतात, बँड लावून, बायका लुगडी नेसून. आमच्याकडे आता शेत एक गुंठा नाही, कणसं बाहेरून आणावी लागतात, तरी आजी दरवर्षी ती कणसं हातात घेऊन दाणा दाताखाली चावून बघायची आणि सांगायची की भरलाय की पोचट. ते कोणी छापलेलं मला आठवत नाही. मे महिन्यात गावच्या क्रुसाजवळ संध्याकाळी माळ म्हणतात, नंतर उकडलेले चणे वाटतात, हिंदू, मुसलमान, सगळी पोरं चण्यांसाठी लायनीत. त्यालाही या. केकपेक्षा चणे स्वस्तात पडतात.

अजून एक गोष्ट जी जाहिरातीत देता येत नाही. मुंबईत आमच्यात कायमची कबर आता मिळत नाही, जागाच नाही, काही वर्षांनी तीच जागा दुसऱ्याला द्यावी लागते, अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात. आजीला आजोबांच्या शेजारी जागा पाहिजे होती, ती नाही मिळाली. तिला हे माहीत होतं, तिने आधीच सांगून ठेवलं होतं की जिथे द्याल तिथे द्या पण मिस्सा मराठीत करा आणि प्रवचन लांबवू नका. मिस्सा मराठीत झाली. प्रवचन लांबलं, कारण फादरच रडले. कॅनडा, दुबई, ऑस्ट्रेलिया सगळे मोबाईलवर होते, त्या पणतवंडांना मराठी कळत नाही, पण नमो मारिया म्हणताना ती पण मागून म्हणत होती, कारण तेवढं आजीने व्हिडिओ कॉलवर एकेकाला पाठ करून घेतलं होतं, पाठ झाल्याशिवाय वाढदिवसाचे पैसे पाठवायला द्यायची नाही.

आता कामाचं. आमच्यात लग्नाच्या आदल्या दिवशी उंबराच्या पाण्याला जातात, विहिरीवर, वाजतगाजत, आणि वाटेत बायका गाणी म्हणतात. त्यातली निम्मी गाणी जागेवर जोडलेली, व्याह्याची थट्टा, नवरीच्या मामाची थट्टा, बँडवाल्याचीही. आजी त्यात पुढे असायची. सहार, मरोळ, चकाला, गुंदवली, कोळे कल्याण, आंबोली, कुठेही लग्न असलं की तिला बोलावणं, लोक आधी हिला विचारून मग तारीख धरायचे असं आमच्याकडे विनोदाने म्हणतात. आमच्याकडे त्याचं एकच रेकॉर्डिंग आहे आणि त्यात बँड इतका जोरात आहे की आजीचं तोंड हलताना दिसतं, शब्द एक ऐकू येत नाही. पण १९८० नंतर लग्नांत व्हिडिओ कॅसेट काढायची पद्धत होती, आणि या गावांतल्या कोणाच्या तरी कपाटात त्या कॅसेट पडून असतील. त्यात हिरव्या चौकड्याच्या लुगड्यातली, ठेंगणी, पुढचा एक दात सोन्याचा असलेली बाई गाताना दिसली तर ती आमची आजी. कृपा करून कळवा. कॅसेटला बुरशी लागली असेल तरी टाकू नका, फोर्टमध्ये साफ करून देणारा एक जण मिळालाय, खर्च आम्ही करू आणि तुमच्या लग्नाची कॉपी पेन ड्राइव्हवर तुम्हाला परत देऊ. माझा नंबर पेपरात छापू नका, तुमच्या ऑफिसला पत्रासोबत वेगळा दिलाय, विचारलं तर द्या. महिन्याची मिस्सा येत्या रविवारी सकाळी आहे, मराठीत, त्या दिवशी कॅसेट घेऊन आलात तरी चालेल, मिस्सेनंतर घरी फुगे (आमचे तळलेले गोल पाव) आणि इंदियाल (आंबट-तिखट रस्सा) आहे.

आपली,
सहार गावठाणातली एक वाचक, अंधेरी पूर्व